तिसऱ्या मजल्यावरची चप्पल

तिसऱ्या मजल्यावर बायकोच्या चपलेचा पट्टा पुन्हा निघाला.

"थांबा हो जरा," म्हणत ती पायरीवरच बसली.

मेकॅनिक कठडा धरून उभा राहिला. अजून दोन मजले होते. शेजारून लिफ्ट गुणगुणत वर निघून गेली. ती लिफ्ट त्याच्याच हातची होती. लिफ्टा दुरुस्त करण्यात त्याचं निम्मं आयुष्य गेलं होतं, आणि तेवढ्या काळात स्वतःच्या घराचा जिना तो क्वचितच चढला असेल.

"पट्ट्याचं काय सांगतेस? दमलीस म्हण की सरळ."

"दमलेच," ती हसली. "बसा तुम्हीपण."

"मला काय झालंय?" असं म्हणत तो बसला.

दोघांनी तपासणी करून घेतली होती ती मुलीच्या हट्टापायी. निकालाच्या दिवशी नेमकी एक लिफ्ट माणसांसकट अडकली, म्हणून डॉक्टरांकडे ती एकटीच गेली. परत आली ती थेट स्वयंपाकघरात शिरली. त्याने खोदून विचारलं तेव्हा भांडी पुसता पुसता म्हणाली, "तुमचं सगळं ठीक आहे. हृदयावर ताण माझ्या आहे म्हणे. साखरही काठावर आलीय. तीन महिने चालणं-खाणं सांभाळलं तर सावरेल."

"आणि नाही सांभाळलं तर?"

तिने ताटली फडताळात ठेवली. "तर अवघड आहे."

पोट कमी करा, असं तिने त्याला आजवर किती वेळा सांगितलं असेल. 'लिफ्टवाला जिने चढायला लागला तर लोक काय म्हणतील,' एवढं बोलून तो विषय उडवून लावायचा. या वेळी त्याला विनोद सुचला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने जाहीर केलं, "आजपासून लिफ्ट बंद. तुला आणि मलाही. एकटी तू दोन दिवसांत कंटाळशील."

"आणि खाण्याचं? तुम्ही समोर बसून तळलेलं हाणणार आणि मी काकडी चघळणार?"

"मीही चघळेन."

"बाहेर खाऊन आलात तर मला वासावरून कळतं हं. मग माझा निश्चय ढासळायचा."

झालं. डबा बदलला, चहातली साखर गेली. कामावरच्या जोडीदाराने गरमागरम भज्यांचा कागद पुढे केला की मेकॅनिक तोंड फिरवायचा.

"आजार वहिनींना आणि उपास तुला?"

"तिचा निश्चय ढासळतो रे."

"निश्चय तिचा, जीभ तुझी. वाटणी झकास आहे."

मेकॅनिक ऐकून घ्यायचा. त्याला हसू यायचं नाही. रविवारी दुपारी ती आडवी झाली की तो पेपर उघडून बसायचा आणि पेपरावरून तिच्या पाठीकडे बघत राहायचा. पाठ वर-खाली होताना दिसली की मगच पान उलटायचा.

मोटरचा आवाज ऐकून बिघाड कुठे आहे ते तो बिनचूक सांगायचा. जिन्यातही त्याचे कान टवकारलेलेच असत. जिना अरुंद होता, आवाज घुमायचा. तिसऱ्या मजल्यापर्यंत धापेची घरघर भिंतींवर आपटायला लागायची.

"ऐक, किती धाप लागलीय तुला."

"लागलीय खरी," ती म्हणायची, आणि पट्टा निघायचा.

शेवटी त्याने जाड दोरा घेऊन तो पट्टा स्वतः शिवला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पायाचा निघाला.

एका संध्याकाळी तो दिवसभर मोटरी उचलून आला होता. तिच्या हातात भाजीची पिशवी होती. खाली लिफ्टचं दार आपसूक उघडलं. आत दिवा होता, पंख्याचा गार वारा होता. त्याचे पाय हलेनात.

"जा तुम्ही लिफ्टनं," ती म्हणाली. "मी येते हळूहळू."

"एकटी? आणि मधेच काही झालं तर?"

"होणार असेल ते होईल."

लिफ्टचं दार मिटेपर्यंत तो बघत राहिला. मग त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. त्या दिवशी त्याने ठरवूनच टाकलं. तीन महिनेच का? दोघं आहेत तोवर चढायचं.

हळूहळू पट्टा तिसऱ्याऐवजी चौथ्या मजल्यावर निघायला लागला. पुढे निघेनासाच झाला. माझ्या शिवणीचं काम, असं मेकॅनिक मुलीला फोनवर ऐकवायचा. त्याच्या कमरेच्या पट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली. "माझ्या आजारपणात तुमचंही भलं झालं," असं बायको म्हणायची, तेव्हा तो खांदे उडवायचा.

तीन महिने भरले. पुन्हा दोघांची तपासणी झाली. या वेळी मात्र त्याने रजा टाकली.

दवाखान्याचा जिना चढताना तो तिला सबंध वेळ धीर देत होता. वर पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं, बोलताना आपण कुठे थांबलोच नाही.

डॉक्टरांनी कागद चाळले. "मानलं बुवा. हृदयावरचा ताण उतरलाय. साखरही जागेवर आली. मला एवढी आशा नव्हती."

मेकॅनिकला क्षणभर काही दिसेना. त्याने चष्मा पुसला, बायकोचा हात दाबला. "बघ. म्हटलं होतं ना मी?"

"आता छाती तपासू," डॉक्टर उठले. "शर्टाची बटणं काढा आणि आडवे व्हा इथे."

"मी?" मेकॅनिक हसला. "मी सोबत आलोय, डॉक्टर. पेशंट ही आहे."

डॉक्टरांनी कागदावरचं नाव पुन्हा पाहिलं, मग त्याच्याकडे आणि मग बायकोकडे.

"बाई, यांना अजून सांगितलंच नाहीत तुम्ही?"

ती खाली वाकून चपलेचा धडधाकट पट्टा चाचपत होती.

"स्वतःसाठी चढले असते का हो ते?"