डॉक्टरांची माती

गुरांचे डॉक्टर एझ्रा वाक्रुळकर पहाटे गेले. कडेगावात बेने इस्रायली म्हणून आता त्यांची लेक दिना एकटीच उरली. तिनं कोकणातल्या सिनेगॉगच्या हजानांना, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्या गुरुजींना, फोन लावला.

"तुम्ही तिथूनच कद्दिश म्हणा. मी स्पीकर लावते."

"मयताच्या प्रार्थनेला आपले दहा पुरुष हजर लागतात, बाळ," हजान म्हणाले. "आम्ही येईपर्यंत माती देऊ नका."

कबरीसाठी आपल्या बांधाकडेची जागा देणारा जोतीराम शेजारीच उभा होता. "दहा काय घिऊन बसलाय, ताई? अख्खं गाव हुबं करतो."

"गाव आहेच, जोतीरामदादा. पण ते दहा आमच्यातलेच लागतात."

दिवस मावळायच्या आत उसातल्या वाटेनं एक जीप आली. आधी हजान उतरले, मग एकेक करत बाकीचे. शेवटच्या म्हाताऱ्याला तर दोघांनी धरून उतरवलं. दहा जण कबरीपाशी उभे राहिले आणि कद्दिश झाली.

जोतीरामनं सिनेगॉगची देखभाल करणाऱ्या शमाशच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

"आवं, डाक्टरांचा गोतावळा लय मोठा हाय की."

"आमच्यातल्या कुणी त्यांना पाहिलेलंसुद्धा नाही."

"आन् तुमी समदी हिकडं आल्यावर तिकडं आज प्रार्थना कोन करनार?"

शमाशनं खिशातली किल्ली चाचपली.

"आज कुलूप आहे. आमच्याकडे तरी दहाच उरलेत."