भामाबाईंचा उपास

"देवाला बोललेलं मानसाला सांगायचं न्हाई. सांगितलं की गेलं. आन् झेपंना झालं तरी मोडायचं न्हाई. कुनी आपनहून मागायला आलं, तर त्याच्या हातावर पानी सोडून द्यायचं."

सासूबाईंना, बनुबाईंना जाऊन बारा वर्षं झाली होती. तरी डाळमिलच्या पोत्यांच्या काट्यावर उभ्या राहिलेल्या भामाबाईंना आत्ता त्यांचाच आवाज ऐकू येत होता.

काटा चौऱ्याऐंशीवर थांबला.

"दीड पोत्याच्या वर गेली की गं मावशी!" रेश्मा ओरडली. डाळ निवडणाऱ्या बायका हसल्या. भामाबाईही हसल्या.

राधाकृष्णशेठ मात्र हसले नाहीत. श्रीरामपुरात डाळमिल पुष्कळ, पण दर महिन्याला पोत्यांच्या काट्यावर माणसं चढवणारी ही एकच. हृदयात स्प्रिंग बसवून आल्यापासून शेठनी हे सुरू केलं होतं. कामाआधी पटांगणाला अकरा फेऱ्या, त्याही कामाच्या वेळेत. चहा बिनसाखरेचा. महिन्यातून एकदा आहार सांगायला सृष्टीमॅडम. "कडू चहा पाजून मारतोय आमाला," अशी कुरकुर झाली खरी. पण हमाल गहिनीनाथचा पट्टा तीन भोकं आत गेला. जिना चढताना रेश्माला लागणारी धाप थांबली. वजन वाढलं ते एकट्या भामाबाईंचं. त्यांच्या टाचेवरचा फोडही दोन महिने भरत नव्हता.

"काकू, खाता तरी काय?" सृष्टीने विचारलं.

"काय न्हाई. आठवड्यात तीन दिस तर उपासच असतो."

"उपासाला काय?"

"साबुदाना. ताटभर. दान्याचा कूट घालून. सांच्याला बटाट्याचा कीस. तेवढंच."

"तेवढंच!" रेश्मा म्हणाली. "मावशीचा देव लई जेवू घालतो बाई."

सृष्टीने रक्ताचा रिपोर्ट शेठपुढे धरला. "साखर अशीच राहिली तर ही टाच भरणार नाही. पाय जाईल. आणि साखरेच्या गोळ्या चालू असताना नुसतं फळावरही राहता येणार नाही. दोन वेळा भाजीभाकरी पोटात गेलीच पाहिजे. उपास सोडायला लागतील."

"पाय गेला तरी चालंल," भामाबाई हळूच म्हणाल्या. "उपास न्हाई सुटायचा."

शेठ चिडले. "अहो, मालक गेले तुमचे. लेक पुणतांब्याला सुखात आहे. मग कोणासाठी चाललंय हे?"

भामाबाईंनी पदर सारखा केला. खाली बघत म्हणाल्या, "ते सांगायचं नसतं, शेठ."

"निदान कधीपासून करता, ते तरी सांगा," सृष्टी म्हणाली. "मला लिहायला लागतं."

तेवढं सांगायला हरकत नव्हती.

"तीन वर्षं व्हतील. पौषातल्या संकष्टीपासून."

  शेठनी काट्याचा दांडा घट्ट धरला, आणि मग ते कोणाकडेही न बघता बाहेर निघून गेले.

"मावशे, गेलं तुझं काम," गहिनीनाथ पुटपुटला.

सोमवारी दुपारी बायकांनी डबे उघडले. भामाबाईंच्या डब्यात साबुदाणाच होता. तेवढ्यात शेठ आले. बायका जेवतात तिकडे ते कधी फिरकत नसत. आज आले, आणि भामाबाईंच्या समोर भुईवर मांडी घालून बसले. उजवा हात पुढे केला.

"द्या," ते म्हणाले.

"अगं बया! शेठ, साबुदाना पायजे का?" रेश्मा डबा पुढे करू लागली.

भामाबाईंनी शेठच्या तोंडाकडे पाहिलं. त्या पसरलेल्या हाताकडे पाहिलं. ही रीत त्यांना कोणी सांगितली, हे विचारायची गरज नव्हती. त्यांनाही आई होतीच की.

 त्यांनी तांब्या उचलला आणि शेठच्या तळहातावर पाण्याची धार सोडली.

"सोमवार, गुरुवार, शनिवार," त्या कुजबुजल्या. "जीव हाय तवर."

"जीव आहे तोवर," शेठ म्हणाले. त्यांनी ते पाणी डोळ्यांना लावलं आणि तीर्थासारखं पिऊन टाकलं.

रेश्माने पुढे केलेला डबा मागे घेतला. 

शेठनी स्वतःचा डबा भामाबाईंच्या पुढे सरकवला. ज्वारीची भाकरी आणि मेथी. "आता तुम्ही जेवा. मी माझ्या डॉक्टरांना विचारून आलोय. मला ताकावर नि पेरूवर चालतं."

भामाबाईंना घास तोडता येईना. डोळ्यांतलं पाणी भाकरीवर पडलं. मग त्यांनी देवाचं नाव घेतलं आणि तीन वर्षांत पहिल्यांदा सोमवारी दुपारी भाकरीचा तुकडा तोंडात घातला.

"पन शेठ," रेश्माने विचारलंच, "तुमी कुनासाठी धरला उपास?"

"सांगायचं नसतं, पोरी."

शेठ उठले. पौषातल्या त्या संकष्टीला पॉलिशच्या मशीनपाशी ते छाती धरून जिथे कोसळले होते, आणि गाडी येईपर्यंत भामाबाईंनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं, त्या जागी ते क्षणभर थांबले. वाकून जमिनीला हात लावला, आणि उपाशीपोटी कामाला लागले.