मोठ्यानं

बाळ आडवं होतं. पार्बताबाईनं तेलाचा हात आमिनाच्या पोटावरून पुन्हा एकदा फिरवला आणि खात्री करून घेतली. डोकं डाव्या कुशीत, पाय उजवीकडे. कालच्या दुपारपासून कळा देणारी आमिना आता ओरडतही नव्हती. नुसती आढ्याकडे बघत होती.

"डॉक्टर येऊन राहिला का?" पार्बताबाईनं विचारलं.

"कुठचा येते," आमिनाची सासू हलीमाबी म्हणाली. "माहा पोरगा अय्युब सकाळीच गेला छावणीत त्याले आणाले. पण गल्ली पाहिली ना तू? गाड्यांपायी माणसाले वाट नाही."

विलायतेला कापूस हवा होता, म्हणून यंदा साऱ्या वऱ्हाडच्या गाड्या अमरावतीत येऊन पडल्या होत्या. गाडीवानांची भांडणं भिंतीपलीकडून ऐकू येत होती. खिडकी लावली होती तरी फटीतून कापसाचे तंतू आत यायचे आणि तेलकट पोटाला चिकटायचे. पार्बताबाई ते बोटानं टिपून काढत होती आणि तोंडातल्या तोंडात देवाशी बोलत होती.

चार वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतल्यापासून ती अशीच बोलत आली होती. सुईणीला दहा घरी जावं लागतं. कोणाच्या घरात कोणाचं नाव घेऊ नये, हे तिला कळत होतं. आणि दर वेळी शेवटी ती म्हणायची, तुझी मर्जी असेल तर. मागच्या महिन्यात वलगावला असंच म्हणाली होती. तिथली बाई गेली, बाळही गेलं. तेव्हापासून त्या शब्दांपाशी आली की तिचा जीव थाऱ्यावर राहत नसे. आपण देवाच्या मर्जीपुढे मान झुकवतो, की तो देणारच नाही असं धरून चालतो?

"काय पुटपुटून राहिली व?" हलीमाबीनं विचारलं.

"काही नाही."

"मी केव्हाची पाहून राहिली. कोणाशी बोलतं?"

"देवाशी."

"मंग हळू काहून? त्याले कमी आयकू येते?"

पार्बताबाईनं मान वर केली. "त्याले येते. तुमचं भेव वाटते."

हलीमाबीनं पदरानं सुनेच्या कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाली, "माह्या घरातले दोन जीव चालले, अन् तुले माह्यं भेव वाटते. मागायचं तं मोठ्यानं माग. इलेबी आयकू दे, कोणी इच्यासाठी मागून राहिलं म्हणून."

पार्बताबाईनं दोन्ही तळवे आमिनाच्या पोटावर ठेवले.

"बापा," ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. "आमिनाले वाचव. तिच्या लेकराले वाचव. मी दोघायले मागून राहिली, एकाले नाही. मागा असं तूच म्हटलं, म्हणून मागते. येशूच्या नावानं. आमेन."

मर्जीचं वाक्य राहून गेलं होतं. आमेन म्हटल्यावर तिच्या ते ध्यानात आलं.

"आमीन," हलीमाबी म्हणाली.

काहीच झालं नाही. एक कळ आली, गेली. दुसरी आली, गेली. बाळ जागचं हललं नाही. पार्बताबाईच्या पाठीला घाम फुटला. उद्या गल्लीभर होईल, हिनं आपल्या देवाला हाक मारली आणि घरातून दोन मयती निघाल्या. आपण कशाला बोलून बसलो? तशी तिची तिलाच लाज वाटली. इथं पोरगी मरायला टेकली आणि आपण देवाची अब्रू सांभाळत बसलो. त्याची अब्रू त्यानं पाहावी. आपल्या हाती बाळ आहे.

"आमिना, आता कळ आली तरी जोर करू नको. श्वास सोड, बाई."

कळ ओसरली तसा तिनं हात आत घातला. चाचपत एक पाय धरला, मग दुसरा. आमिना ओरडली, सकाळपासून पहिल्यांदाच. हलीमाबीनं तिचे खांदे घट्ट धरले. बाळ पायाकडून आलं. निळं पडलेलं, गुपचूप.

पार्बताबाईनं त्याचं नाकतोंड पुसलं, पाठ चोळली, पुन्हा चोळली.

"दोघायले म्हटलं होतं," ती म्हणाली. हे हलीमाबीला नव्हतं.

बाळानं तोंड वासलं. आवाज आधी आलाच नाही, मग बारीकसा आला, मग भिंतीपलीकडची भांडणं थांबण्याइतका मोठा झाला. मुलगी होती.

आमिनाचं रक्त थांबायला तिसऱ्या प्रहरची, असरची अजान झाली. तोवर पार्बताबाईनं तिच्या पोटावरचा हात काढला नाही. आमिनानं मुलीला जवळ घेतलं, तिची बोटं मोजली आणि झोपी गेली. तेव्हा कुठे पार्बताबाई भिंतीला टेकून बसली. हलीमाबीनं पाण्याचा कटोरा पुढे केला. पार्बताबाईनं तो धरला आणि अर्धं पाणी लुगड्यावर सांडलं.

"देवाले एवढं हक्कानं मांगितलं," हलीमाबी म्हणाली, "मंग हात काहून कापून राहिले?"

"भरोसा त्याच्यावर आहे, बीबी. हात माहे आहेत."

हलीमाबीनं कटोरा काढून घेतला, तिच्याजवळ जमिनीवर बसली आणि स्वतःच्या हातानं तो तिच्या ओठांना लावला.