पेटीचं दुसरं हँडल

"पायऱ्या किती?" दुकानाच्या मालकीणबाईंनी विचारलं.

सोलच्या नागवॉन वाद्यबाजारात बास गिटारवाल्याला पहिला प्रश्न हाच. काय वाजवता, कुठे वाजवता, ते सगळं नंतर.

"तेवीस," तेग्यू म्हणाला. "तळघरातली खोली आहे."

"मग कॉम्बो घ्या. यंत्र आणि स्पीकर एकाच पेटीत, एकोणीस किलो. एकट्या माणसाचं काम."

"एकटा कुठे? दोघं आहोत आम्ही." तेग्यूनं अंगठ्यानं मागे दाखवलं. मागे मानसोक उभा होता, उजव्या हातात कॉफीचा कागदी कप, डावा हात जाकिटाच्या खिशात.

तेग्यू बस चालवतो. मानसोकचं लाँड्रीचं दुकान आहे आणि तो नऊ वर्षांनी मोठा. बारा वर्षं एकाच बँडमध्ये तेग्यू बास वाजवतो आणि मानसोक ड्रम. सरावाच्या खोलीत ड्रम मांडलेलेच असतात, त्यामुळे ड्रमवाला दोन काठ्या खिशात खोचून हात हलवत येतो. तिथला बासचा आवाज वाढवणारा अ‍ॅम्प मात्र कायम घरघरतो, म्हणून बासवाला आपला घेऊन येतो. आणि त्याच्या जड पेटीचं दुसरं हँडल ड्रमवाल्याच्या कपाळी, हा न लिहिलेला कायदा. मानसोकनं त्याबद्दल शिव्या पुष्कळ घातल्या, पण हँडल कधी सोडलं नाही. त्या पेटीचा स्पीकर गेल्या महिन्यात फाटला.

"मालकीणबाई बरोबर सांगतायत," मानसोक म्हणाला. "कॉम्बो घे."

तेग्यूनं वळून पाहिलं. सकाळपासून हे तिसऱ्यांदा. हाच माणूस कॉम्बोला शाळकरी पोरांचा डबा म्हणून हसायचा.

"दोन गुरुवार सरावाला आला नाहीस, दादा. दुकानात काम आहे म्हणालास. तुझ्या दुकानावरून माझीच बस जाते. शटर खाली होतं."

मानसोकनं कॉफीचा घोट घेतला.

"कुठल्या बँडनं बोलावलंय?"

"काहीतरी बरळू नकोस."

"मग मला एकट्यानं उचलायची पेटी का गळ्यात मारतोयस?"

मालकीणबाईंनी जवळची एक वायर उचलली आणि ती गुंडाळायला घेतली. ती आधीच गुंडाळलेली होती.

ड्रम वाजवणारे काय, छप्पन्न मिळतात. पण दादा गेला तर आपण बासला पुन्हा हात लावणार नाही, हे तेग्यूला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याचाच त्याला राग येत होता. तो तरातरा मोठ्या कॅबिनेटपाशी गेला. ही नुसती चार स्पीकरची पेटी, अडतीस किलो. तिला वाजवणारं यंत्र वेगळं, ते नसेल तर ती मुकी; ते तिच्या डोक्यावर ठेवतात म्हणून त्याला म्हणायचं हेड. तेग्यूनं हेड उचलून काउंटरवर ठेवलं.

"धर तिकडून."

"दुकानात काय तमाशा लावलायस?"

"धर म्हणतो ना. दारापर्यंत नेऊ. जड वाटली तर कॉम्बो घेतो, शब्द आहे माझा."

मानसोकनं कप खाली ठेवला आणि तो आपल्या नेहमीच्या बाजूला येऊन उभा राहिला. त्या बाजूला डावाच हात लागतो. त्यानं तो खिशातून काढला, हँडलमध्ये घातला.

"एक, दोन," मोजलं त्यानंच.

पेटी वीतभर वर आली. मग मानसोकची बोटं उघडली, एकेक करून, त्यांना त्याच्याशी काही देणंघेणं नसल्यासारखी. पेटी कोपऱ्यावर आदळली. भिंतीवर टांगलेल्या सगळ्या गिटारी एकदम गुणगुणल्या आणि बराच वेळ गुणगुणत राहिल्या.

"पायावर नाही ना पडली?" मालकीणबाई धावल्या. मानसोकनं नाही म्हणून मान हलवली.

"मानेतली नस दबलीय," तो तेग्यूकडे न बघता म्हणाला. "इस्त्री उजव्या हातानं जमते. डाव्यात काठी राहत नाही. दर गाण्यात सुटायला लागली. डॉक्टर म्हणतात, आहे त्याहून वाईट झालं नाही तरी मिळवलं."

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तूही सोडलं असतंस. तुझी खोड मला माहीत नाही का? ड्रमवर माझ्या भाचीला बसव. बोललोय मी तिच्याशी, माझ्यापेक्षा बरी वाजवते. फक्त तिला ती मढी उचलायला लावू नकोस. म्हणून म्हणतोय, कॉम्बो घे."

"म्हणजे सगळी निरवानिरव करूनच आलायस."

तेग्यूला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि रडावंसंही वाटलं. तो त्या कॉम्बोकडे बघत राहिला. आटोपशीर, गुळगुळीत पेटी, वर मधोमध एकच हँडल.

"लावून देऊ का? वाजवून बघा," मालकीणबाई हळूच म्हणाल्या.

"नको," तेग्यू म्हणाला. "हेड आणि पेटी द्या. वेगवेगळं."

"अरे गाढवा, उचलणार कोण?"

"पेटी मी आणि तुझी भाची. ड्रमवाली आहे ना? मग उचलेल."

त्यानं काउंटरवरचं हेड पिशवीत घातलं. जेमतेम तीन किलो. पिशवीचा पट्टा त्यानं मानसोकच्या उजव्या खांद्यावर चढवला आणि नीट बसवला.

"हे तुझ्या दुकानात राहील. गुरुवारी सात वाजता घेऊन ये."

"आणि नाही आलो तर?"

"तर सगळे वाजवतील, दादा. मी मुका उभा राहीन."