अठरा तासांची बॅटरी

तिचा कॉम्प्युटर घराच्या अशा कोपऱ्यात होता, की भर दुपारीही दिवा लावावा लागे. तिथे भिंतीकडे तोंड करून वीस वर्षं अनुवाद केल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, एक साधासा लॅपटॉप बघा. गॅलरीत उजेडात बसून काम करीन म्हणते. तिथे प्लग नाही, तेवढी बॅटरी टिकली म्हणजे झालं."

"बॅटरीचं सगळं प्रोसेसरवर असतं," असं म्हणून नवरा कामाला लागला. कमी वीज खाणारे चौदा प्रोसेसर त्याने वहीत मांडले. कुठला किती पळतो, किती तापतो, किमतीच्या मानाने कुठला परवडतो, याचा चार महिने कीस पाडला. "हा जरा मंद आहे, पण खाणं अगदी बेताचं," असं तो जेवताना सांगायचा, जणू लेकीसाठी स्थळ बघतोय. शेवटी एक पसंत पडला. वेग ठीकठाक, किंमत रास्त, आणि तो बसवलेला लॅपटॉप एकदा चार्ज केला की अठरा तास बघायला नको.

लॅपटॉप आला. तिने वायर काढली, गॅलरीत खुर्ची ओढली आणि कितीतरी वर्षांनी उन्हात पाय पसरून बसली. पहिलं वाक्य पुरं होतंय न होतंय, तोच नवरा चार्जर घेऊन धावत आला.

 

"अगं, ऊठ, आत कोपऱ्यात प्लगपाशी बस. एवढी शोधून आणलेली बॅटरी, ती काय वापरून झिजवायची?"