नुसती डोकी

“बोला काका, कशी वाटली प्रिंट?” डिस्क काढणाऱ्या कंपनीतला तन्मय फोनवर विचारत होता. जुना सिनेमा बाजारात आणण्याआधी तो डिस्क मला तपासायला पाठवतो. माझी किरकिर उपयोगी पडते म्हणे.

“चित्र आरशासारखं लख्ख आहे. खरखरही गेली. पण कीर्तनाच्या प्रसंगात खालची पट्टी कापलीत कशाला?”

“हल्लीचे टीव्ही रुंद असतात, काका. पडदा भरायला वरखाली कापावंच लागतं. आणि तिथे होतं काय? नुसती पाठमोरी डोकी!”

शूटिंग आमच्या गावात झालं होतं. त्या डोक्यांत एक अंबाडा आमच्या हिचा. मध्येच ती हात मागे नेऊन गजरा चाचपते. भिंतीवर तिचा हार घातलेला फोटो आहे, पण त्यात ती हलत नाही.

“बरोबर आहे तुझं,” म्हणालो आणि फोन ठेवला.

मग जुनी, चरे पडलेली डिस्क लावली. तिच्यात चौकट पूर्ण आहे. हिचा हात गजऱ्यापाशी पोचला आणि चित्र अडकलं. अडकणाऱ्या डिस्कला मी एरवी शून्य गुण देतो. रिमोट हातात होता, पण तसाच बसून राहिलो.