एकही फोन आला नाही

"आकडे बोलतात, मॅडम. मी नाही बोलत," वृत्तप्रमुख म्हणाले आणि त्यांनी चहाचा घोट घेतला. तिला 'बसा' म्हणायचं त्यांना सुचलं नाही.

संध्याकाळच्या बातम्या चालू असताना पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात, छोट्याशा चौकटीत, एक बाई खुणांच्या भाषेत त्याच बातम्या सांगते ना, ती हीच. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी. वाहिनीतले लोक तिला 'कोपऱ्यातल्या बाई' म्हणत. दर सहा महिन्यांनी करार संपायचा आणि नवी सही व्हायची. यंदा करार संपून कितीतरी दिवस झाले, तरी सहीचं घोंगडं भिजतच पडलं होतं. "बघू", "वरून निरोप आला की कळवतो", "तुम्ही येत राहा ना." ती येत राहिली. पूर, अपघात, अंदाजपत्रक, पुढाऱ्यांची भांडणं, सगळं दोन हातांनी सांगत राहिली. पुढच्या महिन्याचं घरभाडं कुठून आणायचं, हे मात्र तिला कुणी सांगत नव्हतं. आज तिने केबिनचं दार वाजवलं नाही, सरळ ढकललं.

"कसले आकडे?" तिने विचारलं.

"मागे आठवडाभर तुम्ही रजेवर होतात. आम्ही ती चौकटच काढून टाकली आणि मुद्दाम वाट पाहिली. पडद्यावर तक्रारीचा नंबर रोज झळकत होता. एकही फोन आला नाही. सामन्याचा स्कोअर दोन मिनिटं दिसला नाही, तर लोक आमचे कान फाडतात. इथे कुणी ब्रसुद्धा काढला नाही. मग कुणासाठी चाललंय हे? करार काही पुढे नेता येणार नाही."

ती भांडायची तयारी करूनच आली होती. येताना रस्त्यात चार सणसणीत वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही या आकड्यापुढे उभं राहिना. "बरं," एवढंच म्हणून ती बाहेर पडली, आणि जिना उतरता उतरता तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेबाचा राग होताच. पण साहेब परका. जे रोज समोर बसून बघत होते, त्यांनी तिच्या तोंडाला पानं पुसली होती.

दादा घरात शिलाई मशीनवर एका पॅन्टची टीप मारत होता. तो जन्मापासून बहिरा. तिने खुणा त्याच्याकडूनच उचलल्या, नीट बोलायला लागायच्याही आधी. या घरात हाक मारायची तर दिवा विझवून पुन्हा लावायचा. तिने बटण इतक्यांदा खाडखाड दाबलं की दादा पाय थांबवून वळला.

"एवढी वर्षं तुमच्यासाठी हात झिजवले," ती खुणांनी म्हणाली. "तू आणि तुझे ते सगळे मित्र. 'तुझ्याशिवाय बातम्या कळत नाहीत' म्हणता. आठवडाभर मी नव्हते. एकाला, निदान एकाला तरी फोन करावासा वाटला नाही?"

तिचे हात असे सुटले होते की ओट्यावरचं पातेलं धाडकन खाली पडलं. "काय गं पडलं?" आतून आईने विचारलं. दादाने पातेल्याकडे पाहिलंही नाही. तो तिच्याकडे बघत होता. मग त्याने अंगठा आणि करंगळी ताणून हात कानाला लावला. फोनची खूण. ती खूण त्याने तशीच धरून ठेवली.

तिचे हात अधांतरी थांबले. लाजेने कानशिलं तापली. या घरात वाढलेली बाई, आणि साहेबाने पुढे केलेला आकडा तिने निमूटपणे गिळला होता.

"आम्ही आलो होतो," दादा म्हणाला.

"कुठे?"

"तुझ्या ऑफिसात. चौकट गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी. नऊ-दहा जण होतो. रखवालदाराने हे केलं." दादाने दोन्ही हात जोडले, मग बोट रस्त्याकडे दाखवलं. पुढे जा. "त्याला वाटलं, देणगी मागायला आलोय."

"लिहून द्यायचं ना मग!"

"दिलं. त्याने कागद न वाचताच सुटे पैसे काढून हातावर ठेवले. मग आतून टायवाला एक जण आला. आम्ही सगळे एकदम सांगायला लागलो. तो हसला, अंगठा दाखवला आणि निघून गेला."

"मला का नाही सांगितलंस?"

"आईचं ऑपरेशन होतं. डॉक्टरांचं बोलणं ऐकायला तूच हवी होतीस. तुझ्या डोक्याला आणखी ताप कशाला?"

ती स्टुलावर बसली. राग कमी झाला नव्हता. त्याला आता पत्ता सापडला होता. "एवढी मोठी इमारत," ती म्हणाली, "इतकी माणसं. तुम्ही काय सांगताय, ते एकालाही कळलं नाही?"

दादाने पॅन्ट पुन्हा सुईखाली सरकवली. मग हात मोकळे केले.

"तिथे आमचं बोलणं कळणारं एकच माणूस आहे. ते रजेवर होतं."